रानपिंगळ्याचा पत्ता

पावसाची पहिली झड लागली की आमच्या घरात एक वार्षिक विधी सुरू होतो. कॅमेरा आणि भिंगे मऊ फडक्याने पुसून हवाबंद डब्यात ठेवली जातात, बुरशी धरू नये म्हणून डब्यात सिलिका जेलच्या पुड्या पडतात, आणि आम्ही दोघे टेबलाशी बसून सरत्या वर्षाच्या छायाचित्रांची निवड करू लागतो. २०२५ साली हा विधी नेहमीपेक्षा लवकर आला, कारण पाऊसच लवकर आला. मान्सून २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला आणि इकडे शहापुरात गच्चीवर वाळत घातलेल्या आमच्या कुरडया भिजल्या. जून २०२४ पासून टिपलेली छायाचित्रे मोजली तेव्हा ती ११,००० च्या वर निघाली. पंधरा दिवसांच्या छाटणीनंतर ६१ उरली. हौशी माणसांच्या मानाने हे प्रमाण वाईट नाही, अशी आम्ही एकमेकांची समजूत घातली.

ठेवलेल्या प्रत्येक छायाचित्राची नोंद आम्ही एका लांबट वहीत करतो. वहीला पाच रकाने आहेत: दिनांक, वेळ, ठिकाण, नाव, आणि नाव कुणी सांगितले. ६१ नोंदींपैकी ६० नोंदींचे पाचही रकाने भरलेले आहेत. एका नोंदीत मात्र ठिकाणाच्या रकान्यात आधी काही लिहून नंतर त्यावर शाईने इतके गिरवले आहे की कागद पलीकडून फुगला आहे. हे टिपण त्या गिरवलेल्या रकान्याविषयी आहे. बाकीच्या वर्षाविषयी बोलल्यावाचून त्या रकान्याकडे जाता येत नाही, म्हणून थोडा वळसा घ्यावा लागेल.

आम्ही दोघेही मराठी विषय घेऊन एम. ए. झालो आणि दोघेही तोच विषय शिकवतो. आमच्यापैकी एकाचे महाविद्यालय शहापुरात आहे, दुसरीचे मुरबाडला. किन्हवली, सरळगाव करीत जाणारा रस्ता आमच्या संसाराचा अर्धा भाग आहे असे म्हटले तरी चालेल. कॅमेरा आला तोही या रस्त्यामुळेच. रोजच्या येण्याजाण्यात तारेवर बसलेले पक्षी ओळखीचे वाटू लागले, पण त्यांची नावे आम्हांला येत नव्हती. आमच्या मराठीत तोवर चार-पाचच पक्षी होते: चिमणी, कावळा, पोपट, मोर, आणि कवितेपुरता चातक. एवढ्या शब्दसंपत्तीवर आम्ही निसर्गकवितेचे रसग्रहण शिकवत होतो, आणि विद्यार्थी ते मुकाट्याने उतरवून घेत होते. त्यांच्यापैकी निम्म्यांच्या घरामागे जंगल होते. आज हे आठवले की संकोच वाटतो.

पाचवा रकाना त्या संकोचातून आला. हळद्या, टकाचोर, तांबट, पावशा ही नावे पुस्तकात सापडतात. पण समोर दिसणाऱ्या पाखरावर ती नेमकी बसवून दाखवली ती आमच्या वर्गातल्या ठाकर, कातकरी आणि कुणबी मुलांनी. नाव सांगणाऱ्याचा उल्लेख करणे हा साध्या ऋणनिर्देशाचा भाग आहे. संहितेचे संपादन करताना पाठ कोणत्या हस्तलिखितातला हे आपण तळटीपेत सांगतोच की. या बाबतीत आमच्यापुढे आदर्श होता तो मारुती चितमपल्लींचा. वनाधिकारी म्हणून हिंडताना त्यांनी जंगलातल्या माणसांकडून शब्द गोळा केले आणि ‘पक्षिकोश’ सिद्ध केला. आम्ही ही ६१ छायाचित्रे निवडत असतानाच, १८ जून २०२५ रोजी, ते सोलापुरात गेले. ज्या शहरात २००६ साली ते साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले होते त्याच शहरात. त्या संध्याकाळी आम्ही निवडीचे काम थांबवून त्यांचे ‘रातवा’ कपाटातून काढले आणि पानापानांतून उगीच फिरत राहिलो.

रातव्यावरून आठवले. या वर्षातले आम्हांला सर्वांत आवडलेले छायाचित्र रातव्याचेच आहे, आणि ते दाखवले तर पाहणाऱ्याला त्यात काहीच दिसत नाही. मार्चमध्ये वणवा लागून गेलेल्या एका टेकडीच्या कडेला पाचोळ्यात हा पक्षी बसला होता. अर्धवट जळलेली सागाची पाने, राख, खडे, आणि त्यांतच कुठेतरी तो. आम्ही दोघे त्याच्यापासून दहा पावलांवर उभे होतो आणि तो आमच्याबरोबर आलेल्या विद्यार्थ्याला दिसत होता, आम्हांला नाही. तो बोटाने दाखवी, आम्ही मान डोलावू, आणि त्याला कळे की आम्ही खोटे डोलावतो आहोत. शेवटी त्याने सांगितले, ‘सर, डोळा शोधू नका. पान शोधा, जे वाऱ्याने हलत नाही ते.’ मग दिसला.

बाकीचे वर्ष तसे नेहमीसारखेच गेले. जुलैत किन्हवलीच्या पुढे खाचरातले पाणी रस्त्यावरून वाहत होते, त्यात वलगणीचे मासे डांबरावरून तळमळत वर चढत होते आणि दोन मुले बनियनची झोळी करून त्यांना गोळा करीत होती. या छायाचित्रात मासे अस्पष्ट आले, मुलांचे हात स्पष्ट आले, म्हणून ते ठेवले. माळशेज घाटात पावसाळी रविवारी कॅमेरा काढणे म्हणजे छत्र्यांचे चित्रण करणे. आम्ही एकदाच गेलो आणि भजी खाऊन परतलो. सप्टेंबरात माहुलीच्या वाटेवर सोनकी आणि तेरडा फुलला, तिथे अर्धा दिवस एका कोळ्याच्या जाळ्यापुढे बसण्यात गेला. लेन्सचे हप्ते अजून पतपेढीत भरतो आहोत. त्यामुळे असा अर्धा दिवस वाया जात नाही, तो व्याजात धरावा लागतो.

आता मूळ विषय. तानसा अभयारण्याच्या परिसरात राहणाऱ्या माणसाला रानपिंगळा हा शब्द आज ऐकून तरी ठाऊक असतो. साधा पिंगळा मराठी साहित्याला अपरिचित नाही. त्याची भाषा ओळखून पहाटे भविष्य सांगणारा पिंगळा भारुडांतही येऊन गेला आहे. रानपिंगळा मात्र निराळा. आकाराने जवळपास तेवढाच. पण डोक्यावरचे पांढरे ठिपके जवळजवळ नाहीत, छाती सलग तपकिरी, पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा, पाय आणि नख्या त्या लहानशा देहाला न शोभतील इतक्या दांडग्या. शिवाय तो घुबडाच्या कुळात जन्मून दिवसाढवळ्या वावरतो. निष्पर्ण सागाच्या शेंड्याजवळ उन्हात बसतो आणि शेपटी डावीउजवीकडे झटकत राहतो.

१८७३ साली ॲलन ह्यूम यांनी या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन केले. १८८४ नंतर तो कुणाला खात्रीने सापडला नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याचे अवघे सात नमुने होते, आणि त्यांतल्या एकाने पुढच्या अभ्यासकांना चकवले. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागन हे त्या काळचे मोठे नाव: लष्करी अधिकारी, पक्षितज्ज्ञ, हजारो पक्ष्यांच्या कातड्यांचा संग्राहक. त्यांच्या संग्रहातल्या रानपिंगळ्याच्या चिठ्ठीवर लिहिले होते, मांडवी, गुजरात, १९१४. म्हणजे हा पक्षी १९१४ पर्यंत गुजरातेत होता असे धरले गेले, आणि त्या पत्त्यावरही शोध घेतला गेला. तिथे तो मिळाला नाही. मिळण्यासारखा नव्हताच. विसाव्या शतकाच्या अखेरीस पामेला रासमुसेन या अमेरिकी संशोधिकेने या संग्रहाची छाननी केली तेव्हा उघड झाले की हा नमुना मुळात जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने १८८० च्या दशकात खानदेशात मिळवलेला होता. माइनर्ट्झहागन यांनी तो लंडनच्या संग्रहालयातून चोरला, उसवून पुन्हा भरला आणि त्याला नवी चिठ्ठी बांधली. खोटी चिठ्ठी बाजूला काढून रासमुसेन आपल्या दोन सहकाऱ्यांसह अस्सल पत्त्यांच्या मागावर निघाल्या आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलात, त्यांना जिवंत रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी. पुढे सातपुड्यात तो आणखी ठिकाणी आढळला आणि २०१४ मध्ये थेट आमच्या तानसातून त्याची नोंद झाली. २०१८ साली त्याचा समावेश ‘अतिसंकटग्रस्त’ गटातून ‘संकटग्रस्त’ गटात करण्यात आला, तेवढाच दिलासा.

संशोधनपद्धती शिकवताना ही गोष्ट आम्ही अनेक वर्षे वर्गात सांगत आलो आहोत. बनावट ताम्रपट, प्रक्षिप्त ओव्या, पदरची मिती घातलेली बखर यांच्या जोडीला हा पेंढा भरलेला पक्षी फार उपयोगी पडतो. मुले ऐकतात. या गोष्टीच्या शेवटी आमचे एक ठरलेले वाक्य असे: ठिकाण नसलेली नोंद म्हणजे अफवा. अनेक तुकड्यांच्या वह्यांत ते वाक्य असेल.

डिसेंबर २०२४ मध्ये, नाताळच्या सुट्टीआधी, तृतीय वर्षाचा एक विद्यार्थी तासानंतर थांबला. रातवा दाखवणारा तो हाच. त्याचा पाडा अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहे, घर कारवीच्या कुडाचे, मागे साग आणि ऐन. ‘मॅडम, तुम्ही सांगता तो बहुतेक आमच्या मागं आहे,’ तो म्हणाला. ‘दिवसा बसतो. शेपूट असं असं करतो.’ आणि त्याने हाताचा पंजा डावीउजवीकडे झटकून दाखवला.

दुसऱ्याच सकाळी आम्ही गेलो. त्याच्या आईने ‘बाई, आधी पाणी घ्या’ म्हणून तांब्या पुढे केला; आमचे लक्ष पाण्यात नव्हते. ओहोळ ओलांडून पाचेक मिनिटे चालल्यावर मुलाने खूण केली. सागाच्या उघड्या फांदीवर कोवळ्या उन्हात तो बसला होता. जरा वेळाने उडाला, तो नख्यांत सरड धरून परतला, आणि शेजारच्या झाडाच्या ढोलीच्या तोंडाशी गेला. आतून मादीने सरड घेतला. आम्ही लांबूनच, झुडपाआडून, वीस मिनिटे थांबलो. ढोलीजवळ गेलो नाही, आवाज लावला नाही. छायाचित्रणाचे जे नियम आम्हांला ठाऊक होते ते सगळे पाळले. हे आम्ही स्वतःच्या बचावासाठी लिहीत आहोत हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

त्या रात्री आम्ही छायाचित्र शिक्षकमित्रांच्या एका व्हॉट्सॲप गटावर पाठवले. सोबत दिनांक, वेळ, पाड्याचे नाव, ओहोळ कोणत्या अंगाला, आणि नाव सांगणाऱ्या विद्यार्थ्याचा कौतुकाने उल्लेख. पाचही रकाने. ठिकाण द्यावे की न द्यावे यावर आमच्यात वाद झाला नाही. झाला असता तर बरे झाले असते. पण बावीस वर्षे आम्ही दोघे एकच गोष्ट शिकवत आलो आहोत, आणि त्या रात्री आम्ही ती आचरणात आणली एवढेच.

२ जानेवारीला मुरबाडच्या विद्यार्थ्यांबरोबर आम्ही सिद्धगडाच्या पायथ्याशी गेलो. १९४३ साली याच दिवशी पहाटे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. दरवर्षी लोक जमतात, भाषणे होतात. एका वक्त्याने क्रांतिकारकांचा ठावठिकाणा पोलिसांना कसा लागला ते सविस्तर सांगितले. आम्ही त्या वेळी झाडाच्या शेंड्याकडे पाहत होतो. शेकरू आले होते. त्याचे छायाचित्र ६१ मध्ये आहे. त्यात शेकरू कमी आणि शेपटी जास्त.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात म्हशाच्या यात्रेत आम्ही बैलबाजार टिपत होतो. तिथेच तो विद्यार्थी भेटला. बोलताना नेहमीसारखा मोकळा नव्हता. बरेच आडवळण घेऊन त्याने सांगितले की पाड्यावर दोन रविवार गाड्या येत आहेत. पहिल्या रविवारी तीन, दुसऱ्या रविवारी सात. आमचे छायाचित्र गटातून गटात, तिथून कुठे कुठे गेले होते, मजकुरासकट. आलेल्यांपैकी बहुतेक सभ्य होते, लांब उभे राहिले. काहींनी मोबाइलवर रानपिंगळ्याच्या हाकेचे ध्वनिमुद्रण लावले. आपल्या हद्दीत दुसरा नर आला असे वाटून आतला नर पुन्हा पुन्हा बाहेर येई, फांदीफांदीवर शोधत फिरे, उत्तर देई. सकाळभर. एकाने ढोलीसमोरच्या दोन डहाळ्या छाटल्या, प्रकाश नीट यावा म्हणून.

आम्ही लगेच गटावर विनंती टाकली, छायाचित्र काढून टाकले. उडालेले बियाणे गोळा करण्यातलाच तो प्रकार. तिसऱ्या रविवारी आम्ही स्वतः पाड्यावर जाऊन उभे राहिलो. ढोली रिकामी होती. अंड्यांचे काय झाले ते कळले नाही. एखाद्या सापाने किंवा घोरपडीनेही घरटे लुटले असेल, तशी ती लुटली जातातच. पक्ष्यांचा नीट अभ्यास करणारे आमचे एक स्नेही म्हणाले, एवढ्या पुराव्यावरून कारण सांगता येणार नाही. शास्त्राच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. परतताना ओहोळापाशी विद्यार्थ्याने एकच प्रश्न विचारला, ‘सर, नाव लिहिलं ते बरोबर. पण पत्ता कशाला दिलात?’

हे सारे इतके सरळ असते तर आम्ही चूक कबूल करून मोकळे झालो असतो. पण त्याच दुपारी त्याच्या वडिलांनी वेगळेच ऐकवले. आलेल्या पाहुण्यांनी वाट दाखवणाऱ्या पोरांना शंभर-दोनशे रुपये दिले होते, दोन घरांनी चहा-भाकरी विकली होती. ‘गुरुजी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका,’ ते म्हणाले. ‘मुंबईवाल्यांनी इथलं पाणी नेलं, तेव्हा आम्हांला कोणी चहासुद्धा विचारला नाही. आता पिंगळा बघायला आले, तर चार पैसे देऊन गेले.’ आम्ही गप्प बसलो. तानसा धरण १८९२ पासून मुंबईला पाणी पुरवते आहे. मग मोडकसागर झाला, भातसा झाले. शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो हे वर्तमानपत्राच्या वाचकाला सांगायला नको. एप्रिलमध्ये त्याच पाड्यावर टँकरची वाट पाहत मांडलेल्या हंड्यांची रांग आम्ही टिपली. एका हंड्याच्या काठावर बुलबुल बसला होता, आतून चोच कोरडीच वर आली. हे छायाचित्र वन्यजीवांत धरायचे की नाही यावर आमचा मात्र वाद झाला, आणि तो मिटलेला नाही.

तेव्हा पत्ता लपवण्याचा हक्क नेमका कुणाचा? पक्षी पाड्याचा, जंगल सरकारचे, छायाचित्र आमचे. पत्ता जाहीर केला तेव्हा आम्ही पाड्याला विचारले नव्हते. आणि नंतर काढून टाकला तेव्हाही विचारले नाही. विद्यार्थ्याचे मत एक, त्याच्या वडिलांचे दुसरे, आणि दोघेही त्याच घरात राहतात. पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारी जागतिक संकेतस्थळे काही जातींची नेमकी ठिकाणे जाहीर करीत नाहीत. ही सोय आम्हांला वाजवी वाटते, पण तीही दूर बसलेल्या कुणीतरी ठरवलेली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत एम. ए. च्या नव्या वर्षाची टाचणे काढताना संशोधनपद्धतीच्या टाचणापाशी आम्ही अडलो. माइनर्ट्झहागन यांची गोष्ट अजूनही खरी आहे. त्यांनी खोटा पत्ता लिहिला म्हणून एका पक्ष्याचा शोध लांबला, आणि रासमुसेन यांनी खऱ्या पत्त्यांवर विश्वास ठेवला म्हणून तो सापडला. डेव्हिडसन यांनी खानदेशातले ठिकाण प्रामाणिकपणे लिहून ठेवले नसते तर शहाद्याला जाण्याचे कारणच नव्हते. परंतु डेव्हिडसन यांची चिठ्ठी शंभर वर्षे एका खणात पडून होती; आमची एका रात्रीत किती गावे फिरली ते सांगता येत नाही. एक अस्वस्थ करणारा विचारही मनात येऊन गेला: चोराच्या खोट्या चिठ्ठीमुळे खानदेशातले ते सागाचे जंगल तेवढी वर्षे बघ्यांपासून तरी वाचले. तो विचार आम्ही टाचणात लिहिला नाही. त्या जंगलाची तोड काही बघ्यांसाठी थांबली नव्हती, आणि पक्षी तिथे आहे हे ठाऊक असते तर ती अडवण्याची मागणी तरी करता आली असती. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. तो आमच्याच तालुक्यातून जातो. असा रस्ता आखताना वाटेत कोण राहते हे नकाशावर असावे लागते. नोंद नसलेल्या रहिवाशाच्या बाजूने कुणी बोलायचे?

म्हणून ते ठरलेले वाक्य आम्ही खोडलेले नाही. त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह मात्र पेन्सिलीने काढले आहे, आणि यंदा वर्गात ते कसे उच्चारायचे हे अजून ठरत नाही. वहीतला रकाना आम्ही जानेवारीतच गिरवून काळा केला. त्यालाही अर्थ नाही हे आम्हांला कळते. ती वही आमच्या घराबाहेर जात नाही. आणि जे बाहेर गेले ते वहीतून गेलेच नव्हते.

रानपिंगळ्याचे छायाचित्र ६१ मध्ये ठेवावे की नाही यावर दोन संध्याकाळी गेल्या. छायाचित्र म्हणून ते फारसे चांगले नाही. फांदी आडवी आली आहे, सरडाची शेपटी चौकटीबाहेर गेली आहे, आणि उन्हामुळे पोटाचा पांढरा भाग फटफटीत झाला आहे. एखाद्या विद्यार्थ्याने दाखवले असते तर आम्ही दहा दोष काढले असते. ठेवले ते ढोलीच्या तोंडाशी दिसणाऱ्या मादीच्या एका डोळ्यासाठी.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तो विद्यार्थी घरी आला. पदवीचा निकाल लागला होता, पुढे एम. ए. ला मराठीच घ्यायचे म्हणत होता. येताना आईने दिलेली शेवळांची जुडी आणि फडक्यात बांधलेली काकडं घेऊन आला. आम्ही त्याला टेबलाशी बसवून ६१ छायाचित्रे दाखवली. रातव्यापाशी हसला. हंड्यांपाशी थांबला, म्हणाला, ‘हा आमचा हंडा, तिसरा.’ मग वही चाळताना गिरवलेल्या रकान्यापाशी आला. अंगठ्याने फुगलेला कागद चाचपून पाहिला आणि पान उलटले. चहा झाल्यावर चपला घालता घालता सहज सांगावे तसे बोलला, ‘मॅडम, परवा एक दिसला. जोडी असेल.’

‘कुठे?’ हा प्रश्न आमच्या दोघांच्या तोंडून एकदमच निघाला.

तो थोडा वेळ आमच्याकडे पाहत राहिला. मग शेवळांच्या भाजीत काकडं घालायला विसरू नका, नाहीतर घशाला खाज सुटेल, एवढे सांगून पावसात निघून गेला.